संकलन आणि हजेरी : कापलेल्या काळाचा इतिहास

मराठीत चित्रपटाच्या ‘एडिटिंग’ला आपण ‘संकलन’ म्हणतो. शब्द विचार करायला लावणारा आहे. संकलन म्हणजे गोळा करणे, एकत्र आणणे. आणि संकलकाच्या हातात तर पिढ्यान्‌पिढ्या असते ती कात्री. नको ते कापून काढणे हा ज्याचा व्यवसाय, त्याला मराठीने ‘जमवणारा’ ठरवले आहे. दुसरा शब्द ‘हजेरी’. तो अरबी ‘हाजिर’वरून आपल्याकडे आला आणि निजामी अमलात राहिलेल्या मराठवाड्याच्या दप्तरांत आणि बोलण्यात पक्का रुजला. हजेरी म्हणजे उपस्थिती. पण मजुराच्या लेखी हजेरी म्हणजे दिवस, आणि दिवस म्हणजे दाम.

वरवर पाहता या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक कलेच्या दालनातला, दुसरा मुकादमाच्या वहीतला. संगणकाने मात्र दोघांना एकाच पडद्यावर आणून बसवले आहे. एका खिडकीत दृश्यफितीचे संकलन चालते, दुसऱ्या खिडकीत कोण किती वेळ काम करतो याची नोंद आपोआप होत असते. ही जवळीक योगायोगाची नाही, दोन्ही कामे एकाच कल्पनेतून जन्मली, असे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे. काळ सारख्या आकाराच्या तुकड्यांत कापता येतो आणि ते तुकडे मोजता येतात, ही ती कल्पना. प्रश्न उरतो तो एवढाच की कात्री कोणाच्या हातात आहे.

काळ कापण्याची कल्पना आपल्याला नवी नव्हती. पंचांगातला अहोरात्र ६० घटिकांचा, घटिका ६० पळांची आणि पळ ६० विपळांचे. आजच्या हिशेबाने घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ ०.४ सेकंदाचे. भारतातल्या दूरदर्शन-प्रक्षेपणात सेकंदाला २५ चित्रे असतात. म्हणजे एका विपळात नेमकी १० चित्रे बसतात. पण विपळाचा उपयोग ज्योतिषाला होता, शेतकऱ्याला नव्हता. लग्नघरात घटिकापात्र पाण्यात सोडले जाई, ते बुडले की मुहूर्त साधे. एरवी दिवस उजाडला की काम सुरू आणि मावळला की बंद.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव डोळ्यांसमोर आणावे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यात. निजामी अमलात इथल्या सरकारी कागदांवर फसली सन चाले, आजूर, दय, बहमन अशा महिन्यांनी. सणवार आणि लग्ने शके पाहून होत. आणि आगगाडीला इंग्रजी तारीख व घड्याळ लागे. एकाच गावात काळाचे तीन हिशेब सुखाने नांदत होते. कारण त्यांपैकी एकही हिशेब माणसाचा दिवस मिनिटांत कापत नव्हता.

तो कापला गेला मुंबईच्या गिरण्यांत. गिरणीच्या भोंग्याने सूर्याची जागा घेतली. पण इतिहासातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की घड्याळाची मागणी केवळ मालकांची नव्हती, ती मजुरांचीही होती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या पाहाव्यात : रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. एका वाक्यात घड्याळ आणि सूर्य दोघेही आहेत. सुरुवात घड्याळाने व्हावी, शेवट सूर्याने. रविवारच्या सुट्टीची मागणी मुंबईच्या गिरणी मालक संघाने मान्य केली ती १० जून १८९० रोजी. वेळ मोजणे हे मालकाचे हत्यार होते तसे कामगाराचेही होऊ शकते, हे लोखंड्यांनी ओळखले होते. ज्याचे तास मोजलेले नाहीत, त्याला जादा तासांची तक्रारही करता येत नाही.

त्यानंतर दोन दशकांनी त्याच मुंबईत काळ कापण्याची दुसरी तऱ्हा अवतरली. १९१२ मध्ये लंडनहून परतलेल्या दादासाहेब फाळक्यांना भांडवलदारांची खात्री पटवायची होती. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि दिवसाला एकेक चित्र टिपत महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ चित्रित केली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वर आले. महिना अगदी थोड्या वेळात मावला. पाहणाऱ्यांना ती जादू वाटली असेल. वस्तुतः तो हिशेब होता. दिवसाला एक चित्र घ्यायचे आणि सेकंदाला अनेक दाखवायची. भारतीय चित्रपटाचा आरंभ असा काळाच्या मोजदादीतून झाला.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटाला १६ चित्रे बसतात, म्हणजे ५९,००० हून अधिक चित्रे. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके. त्या काळी कच्ची फीत भोके न पाडलेली येई, आणि फाळक्यांच्या घरी रात्री अंधारात बसून ती भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. फीत धुण्यातही त्यांचा हात होता, आणि घरात राहणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक वेगळाच. ही भोके म्हणजे चित्रपटाचे घड्याळच. त्यांच्या सारख्या अंतरावरच काळ सारखा पुढे सरकतो. फितीचे फूट आपल्याला आज सांगता येतात. सरस्वतीबाईंचे तास कोणीच सांगू शकत नाही. ते कोणत्याही मस्टरवर चढले नाहीत.

मूकपटाचा वेग हाताच्या फिरकीवर असे, त्यामुळे पडद्यावरचा काळ थोडा लवचीक होता. बोलपटाने तोही बांधून टाकला. आवाज बिघडू नये म्हणून वेग स्थिर हवा, आणि सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण ठरले. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये आला, पुढच्या वर्षी कंपनी कोल्हापूरहून पुण्याला गेली. प्रभात बंद पडल्यावर तिच्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि संकलन हा शिकण्याचा विषय झाला. तिथल्या संकलन-मेजावर फीत खरोखरच कापली जाई. तुकडे खुंट्यांवर टांगले जात, त्यांना नावे-आकडे देऊन वहीत नोंद होई. चुकीचा कट पुन्हा चिकटवता येई, पण फितीवर सांधा राही. प्रत्येक निर्णयाला किंमत होती, म्हणून संकलक कापण्याआधी बराच वेळ नुसता पाहत बसे. बाहेरून पाहणाऱ्याला तो रिकामा बसलेला दिसला असता.

आता संगणकाकडे यावे. त्याच्या घराण्यातही हजेरीचे रक्त आहे. अमेरिकेत विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने १८८८ मध्ये कामगारांची येण्याजाण्याची वेळ नोंदवणारे घड्याळ तयार केले. अशी घड्याळे बनवणाऱ्या कंपन्या पुढे एकत्र आल्या, १९११ मध्ये त्या एका मोठ्या कंपनीत विलीन झाल्या आणि १९२४ मध्ये त्या कंपनीने नाव घेतले आयबीएम. जगाला संगणक विकणाऱ्या संस्थेच्या मुळाशी हजेरीचे घड्याळ आहे, हे आजच्या वेळनोंदीच्या सॉफ्टवेअरकडे पाहताना विसरू नये. संकलनही संगणकावर त्याच शतकात आले. १९७१ मध्ये सीएमएक्स ६०० या यंत्राने मार्ग दाखवला, १९८९ मध्ये ॲव्हिड बाजारात आले, १९९१ मध्ये ॲडोबी प्रीमियर.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत ही विद्या पोचली ती चित्रपटातून नव्हे, लग्नातून. वसमत-हिंगोलीकडच्या बाजारगावांतही ‘शूटिंग’ आणि ‘मिक्सिंग’ हे शब्द सर्वांना ठाऊक आहेत. ‘संकलन’ तिथे कोणी म्हणत नाही. कॅसेटच्या काळात मिक्सिंग म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नक्कल करणे. अक्षता आणि कन्यादान यांच्यामध्ये एखादे दृश्य राहून गेले तर तिथून पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे, आणि नकलेची नक्कल करताना चित्र फिके पडत जाई. संगणकाने ही अडचण संपवली. कारण संगणकावर काहीच कापले जात नाही.

हा मुद्दा जरा थांबून समजून घ्यावा लागेल. सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर आपण दृश्य कापतो तेव्हा मूळ चित्रण जसेच्या तसे राहते. संगणक फक्त एक ओळ लिहून ठेवतो : अमुक चित्रण, अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत. तास, मिनिट, सेकंद आणि चित्रक्रमांक. अशा ओळींची यादी म्हणजेच संकलन. ‘जमवणे’ हा मराठी शब्द इथे अखेर खरा ठरला. आता वेळनोंदीच्या सॉफ्टवेअरची यादी उघडून पाहावी. तीही तशीच असते : अमुक काम, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत. दोन्ही याद्यांची घडण एकच आहे. नाव, आरंभ, अंत.

भेद आहे तो यादीवरच्या अधिकारात. संकलक आपल्या ओळी पुढेमागे करतो, गाळतो, लांबवतो. अर्थ तो ठरवतो. हजेरीतल्या माणसाला स्वतःची ओळ हलवता येत नाही. त्याच्या दिवसाचे संकलन दुसराच कोणी करतो. आणि यंत्राला दिसते ते फक्त कळफलकाची आणि माउसची हालचाल. पाहत, विचार करत बसलेला संकलक त्या नोंदीत ‘निष्क्रिय’ ठरतो. जो वेळ कामाचा गाभा, तोच नेमका गाळला जातो.

हा प्रश्न शहरी कार्यालयापुरता नाही. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना हाती घेतली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या या योजनेत मजुरी मोजमापावर होती. किती माती निघाली ते टेपने मोजले जाई. हजेरीपट होता, पण दाम कामाला होता. पुढे केंद्राच्या रोजगार हमीत १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवरची हजेरी देशभर सक्तीची झाली. मजुरांचे दिवसातून दोनदा, वेळ आणि ठिकाण यांची मोहोर असलेले फोटो. म्हणजे चित्र आणि काळ पुन्हा एकत्र आले, पण या वेळी वाटाण्याच्या रोपाच्या जागी माणूस उभा होता. सकाळीच आपले खोदकाम उरकणाऱ्या बाईला दुसऱ्या फोटोसाठी थांबावे लागे; जाळे मिळाले नाही, फोटो चढला नाही, तर केलेले कामही न केल्यात जमा होण्याची धास्ती. २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर मजुरांनी शंभर दिवसांचे धरणे धरले, त्याचे हे एक कारण होते.

आणि लबाडी थांबली काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवले की ॲपवर असंबद्ध फोटो चढवले जातात, प्रत्यक्ष मजुरांऐवजी फोटोचा फोटो काढला जातो. कॅमेऱ्यासमोर उभा केलेला काळ खरा असतोच असे नाही, हे चित्रपटवाल्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. सरकारला ते शंभर वर्षांनी समजले. त्याच वर्षी डिसेंबरात जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संसदेने मंजूर केला. कायदे बदलतील, ॲपही बदलतील. ओळ कोणी लिहायची हा प्रश्न मात्र बदललेला नाही.

म्हणून वेळनोंदीचे सॉफ्टवेअर फेकून द्यावे, असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. लोखंड्यांचे निवेदन तसे सांगत नाही. लग्नसराईत रात्र-रात्र जागून तीन तासांची फिल्म तयार करणारा मिक्सिंगवाला मुलगा गिऱ्हाइकाला पैसे सांगतो ते फिल्मच्या तासांवर, स्वतःच्या नव्हे. त्याच्या जागरणाची नोंद कुठेच नसते, जशी सरस्वतीबाईंच्या रात्रींची नव्हती. अशा माणसाने आपले तास आपणच नोंदवावेत. त्यासाठी साधी फुकट साधने आहेत, नाही तर शंभर पानी वही आहे. प्रत्येक लग्नाला नेमके किती तास लागले हे पाच-दहा लग्नांचे मांडून पाहिले, की पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या हातात अंदाज नसून पुरावा असेल. दुसऱ्याने घेतलेली हजेरी माणसाला बांधते. स्वतः ठेवलेली नोंद त्याला बोलायला शब्द देते. १८८४ मध्ये साडेसहाचा आकडा निवेदनात लिहून घेणाऱ्या गिरणी कामगारांनी हेच केले होते.