हजारावरच्या विड्या

आमच्या अव्वाच्या सुपात रोज हजार विड्या असायच्या आणि वर चाळीस-पन्नास. हजार कारखान्याच्या हिशेबातल्या. वरच्या कशासाठी, हे मला फार उशिरा कळलं.

मी वाढले सोलापूरच्या भवानी पेठेत, घोंगडे वस्तीच्या बाजूला. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांपैकी आम्ही एक. १८७७ मध्ये शहरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, मग गिरण्या वाढल्या, आणि पुढे एकेक करत बंद पडल्या. आमच्या घरातले पुरुष यंत्रमागावर गेले. बायकांच्या हातात विडी होती.

सकाळी अव्वा पिशवी घेऊन कारखान्यात जायची. आदल्या दिवशीच्या विड्या तपासून द्यायच्या, कार्डावर आकडा चढवून घ्यायचा, नवं पान, तंबाखू, दोरा घेऊन परत यायचं. कारखाना म्हणजे देवघेवीची जागा. पान भिजवणं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापणं, तंबाखू भरून वळणं, तोंड मोडणं, दोरा गुंडाळणं, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधणं, हे सगळं घरोघरी. शाळेतून आले की तोंडं मोडायला मीही बसायचे.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वेगवेगळ्या गावांत वाटलेलं काम एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर कसं सरकेल, याचे नकाशे आम्ही काढतो. सरळ रस्ता काढायला दुपार पुरते. खरा वेळ जातो तो ‘एक्सेप्शन’वर : माल खराब आला, माणूस आजारी पडला, वरच्यानं काम नाकारलं, तर काय? एकदा मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, व्यवस्था लवचीक हवी. मला एकदम अव्वाचं सूप आठवलं.

विडीच्या कामात अपवाद रोजचाच होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात पान वाळून तडकायचं, म्हणून ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पावसाळ्यात विड्या वाळायच्या नाहीत, मग त्या चुलीच्या उबेला. पान फाटकं निघालं आणि हजार भरेनात, तर बाजारातून स्वतःच्या पैशानं पान आणायचं. ताप आला तर शेजारीण वळून द्यायची. कारखान्याला यातलं काही कळत नसे. त्याला रोज हजार मिळत.

एका जुलैत अव्वाच्या हजारातल्या सव्वाशे विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या. पैसे कापले, विड्याही परत दिल्या नाहीत. ओलं पान त्यांनीच दिलं होतं. अव्वा भांडली नाही. त्यानंतर ती रोज थोड्या जास्त वळू लागली. छाट निघाली की वरच्यांतून भरायची.

हा प्रश्न न्यायालयापर्यंत कधीच गेला होता, हे मी नंतर वाचलं. साठच्या दशकाच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या विडी कामगारांचे दोन खटले सर्वोच्च न्यायालयात लागले. दोन्हीच्या मुळाशी रजेचे पैसे. म्हणजे तोही अपवादच : माणूस कामावर आला नाही, त्या दिवसाचं काय?

बिर्धीचंद शर्मा खटला नागपूरच्या कारखान्याचा. कामगारांना कधीही उठून जाता येत होतं, पगार नगावर होता, म्हणून ते ‘कामगार’ नाहीत, असा मालकाचा दावा. न्यायालय म्हणालं, कमी दर्जाची विडी नाकारायचा हक्क मालकाकडे आहे, तेवढं नियंत्रण पुरे, हे कामगारच. दुसऱ्या, शंकर बाळाजी वाजे खटल्यात, बहुमतानं उलट निकाल लागला. हवं तेव्हा यावं, हवं तेव्हा जावं, एवढी मोकळीक ज्याला आहे तो कारखाना कायद्याखालचा कामगार नव्हे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं.

काम साधारण तेच. एका ठिकाणी नाकारण्याच्या हक्कामुळे माणूस कामगार ठरला, दुसरीकडे मोकळीक त्याच्यावरच उलटली.

मग १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा आला. घरी विड्या वळण्यासाठी जिला कच्चा माल दिला जातो, तीही त्यात कामगार ठरली. कलम ३९ मध्ये तर अव्वाची जुलैतली सकाळच लिहिली होती : कच्चा माल देण्यावरून, विड्या नाकारण्यावरून, नाकारलेल्या विड्यांच्या मजुरीवरून वाद झाला, तर राज्य सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं तो झटपट मिटवावा. राज्यांच्या नियमांत छाट किती टक्क्यांपर्यंत काढता येईल, याला मर्यादा आली. मालकांनी कायद्याला आव्हान दिलं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला.

इतक्या जुन्या कायद्यानं ओळखलेली गोष्ट आमच्या मीटिंगमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही. काम शंभर घरांत वाटलं की अपवादही शंभर घरांत वाटला जातो. वरून बघणाऱ्याला व्यवस्था लवचीक दिसते, कारण खाली कुणीतरी वाकत असतं. तुमच्या फोनवरची ऑर्डर रद्द होते, तेव्हा गाडी घेऊन निम्म्या वाटेवर आलेल्या मुलाच्या पेट्रोलचं काय होतं, हा त्याच घराण्यातला प्रश्न.

अधिकाऱ्याकडे जाता येतं, हे अव्वाला ठाऊक होतं का? गेल्या दिवाळीत विचारलं. ती हसली. “जायला एक दिवस मोडतो गं. त्या दिवसाच्या हजार कोण वळणार?”

मग मी हिशेब मांडला. रोज चाळीस धरल्या, तरी पंचवीस दिवसांत हजार. म्हणजे दर महिन्याला एक दिवस ती छाट भरून काढण्यासाठीच राबत होती. छाट निघाली नाही, तर त्या विड्या दुसऱ्या दिवशीच्या हजारात जायच्या, पण तोवर पुन्हा चाळीस वळून तयार ठेवलेल्या असायच्या. तिची सगळी कार्डं पत्र्याच्या डब्यात आहेत. मी एकेक पाहिलं. सगळीकडे हजार, हजार, हजार. जुलैतला तो एक दिवस सोडला, तर काही बिनसलं होतं याची खूण कुठेच नाही.

पुण्याला परत आल्यावर मी नकाशात एक रकाना वाढवायला सांगितला : अपवाद झाला तर खर्च कुणाचा. त्यात काय लिहायचं, यावर अजून वाद चालू आहे.