नदी आणि नाका यांच्यामधले रुग्ण

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रँड नदीच्या काठी, मेक्सिकोतून आलेली हजारो स्थलांतरित कुटुंबे राहतात. त्यांतील अनेकांची घरे 'कोलोनिया' नावाच्या, शहराच्या हद्दीबाहेरील गैरसोयीच्या वस्त्यांत आहेत. आईवडिलांकडे वास्तव्याचा परवाना नाही. मुले मात्र जन्माने अमेरिकी नागरिक, अशीही कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. मधुमेहाचे प्रमाण येथे मोठे आहे.

कायदा या रुग्णांना पूर्णपणे वाऱ्यावर सोडत नाही. आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे १९८६ च्या केंद्रीय कायद्याने जवळपास सर्व रुग्णालयांवर बंधनकारक केले. त्यासाठी पैशांची वा नागरिकत्वाची अट घालता येत नाही. मात्र, नियमित उपचारांची हमी हा कायदा देत नाही. परवाना नसलेल्यांना 'मेडिकेड' या सरकारी योजनेतून केवळ आपत्कालीन उपचारांचा खर्च मिळू शकतो. १९९६ च्या कायद्याने तर रीतसर आलेल्या अनेक स्थलांतरितांनाही या योजनेसाठी पाच वर्षे थांबायला लावले. त्यामुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या अनेक रुग्णांना ठरलेल्या दिवशी डायलिसिस मिळत नाही. जिवावर बेतेपर्यंत थांबावे लागते.

भूगोलही आड येतो. परवाना असलेले लोक नदीपलीकडे मेक्सिकोत जाऊन स्वस्तात औषधे आणतात. इतरांना तेथून परतण्याचा मार्ग नाही. उत्तरेला सॅन अँटोनिओ वा ह्यूस्टनच्या मोठ्या रुग्णालयांकडे जावे, तर फालफुरियास व सारिटा येथे सीमा गस्ती दलाचे तपासणी नाके लागतात. ज्या मुलावर त्या शहरांत उपचार होऊ शकतात, त्याच्यासोबत आईवडिलांना जाता येईलच असे नाही.

अलीकडे भीतीत भर पडली आहे. नोव्हेंबर २०२४ पासून टेक्सासमधील रुग्णालयांना रुग्णाची नागरिकत्वविषयक स्थिती विचारण्याचा आदेश लागू झाला. उत्तर न देण्याची मुभा रुग्णाला आहे आणि त्यामुळे उपचार नाकारता येत नाहीत. पण हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक असतेच असे नाही. रुग्णालयांसारख्या ठिकाणी कारवाई शक्यतो टाळण्याचे केंद्राचे धोरणही जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आले.

उत्पन्नानुसार शुल्क घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे आणि घरोघर जाणाऱ्या 'प्रोमोतोरा' या स्थानिक आरोग्यसेविका हा मोठा आधार आहे. रक्तशर्करा वेळीच तपासली, तर पुढचा डायलिसिस टळू शकतो. सध्याच्या व्यवस्थेत मात्र स्वस्त उपचाराचे दार अरुंद आहे. सताड उघडे आहे ते सर्वांत महागडे, शेवटच्या घटकेचे.