रोख्याची भाषा आणि नांगराची निशाणी

सन 1875 च्या मे महिन्यात, 12 तारखेस, भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नसून त्याच्या दप्तरावर होता. अमेरिकेतील युद्ध संपताच कोसळलेला कापसाचा भाव आणि फेरआकारणीत वाढलेला सारा ही या दंग्याची कारणे इतिहासग्रंथांतून सविस्तर आलेली आहेत. परंतु ज्या कागदांची होळी झाली, ते कागद कोणत्या भाषेत लिहिलेले होते, याचा विचार सहसा होत नाही. आणि माझ्या मते या प्रकरणाचे मर्म पुष्कळसे तेथेच आहे.

ती भाषा एका दिवसात घडलेली नव्हती. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात महसुली हिशेब फारसीऐवजी देशभाषेत ठेवण्याची परवानगी दिली, त्यामुळे दप्तरांत मराठी कारकुनांचा प्रवेश झाला खरा. पण त्यांनी मराठी क्रियापदांच्या चौकटीत फारसी नामे बसवून जी मिश्र लेखनपद्धती रूढ केली, तीच पुढे राज्यकारभाराची भाषा ठरली. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राजव्यवहारकोशा'ने दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत संस्कृत पर्याय पुरविले; तथापि पेशव्यांच्या फडावर फडणीस, कमाविसदार, रोजकीर्द, ताळेबंद हेच शब्द नांदत राहिले. यात मला वैगुण्य दिसत नाही. बाजार, दुकान, जमीन हे शब्द ज्या शेतकऱ्याच्या तोंडी रुळले होते, त्याला ते परके वाटत नव्हते, आणि परस्परांच्या सहवासाने भाषा समृद्ध होतात, हा जगाचा अनुभव आहे.

अनर्थ झाला तो शब्दांच्या मिश्रणाने नव्हे, तर ते मिश्रण ज्याच्या हिताहिताचे होते त्याच्याच आकलनाबाहेर राहिल्याने. एखादा कर्जरोखा हातात घेऊन पाहावा. मोडीची शिरोरेषा अखंड ओढलेली, अक्षरे एकमेकांत गुंतलेली. 'लिहून घेणार' सावकार, 'लिहून देणार' कुणबी. मग मुद्दल, दरमहाचे व्याज, वायद्याची मुदत, गहाण दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा, आणि सदरहू रक्कम बिलाउजर फेडण्याची कबुली. शेवटी एका कोपऱ्यात, सहीच्या जागी, काढलेला नांगर. त्या नांगराशेजारी कारकून स्वतःच्या हस्ताक्षरात 'निशाणी नांगर' असे लिही, आणि तेवढ्याने वरचा सर्व मजकूर त्या शेतकऱ्याचा झाला असे मानले जाई. ज्या अवजारावर त्याचे पोट चाले, तेच त्याला न कळलेल्या मजकुराला संमती म्हणून कागदावर उमटावे, याहून क्लेशकारक दृश्य मला त्या काळाच्या दप्तरांत दिसत नाही.

इंग्रजी अमलाने या कागदावर तिसऱ्या भाषेचे जू ठेवले. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता, पण परिणाम उलटा झाला, कारण मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेई. मग समन्स येई. तो काय म्हणतो हे न उमगल्याने, किंवा उमगूनही पेरणी सोडून तालुक्याच्या कोर्टात जाणे न परवडल्याने, शेतकरी गैरहजर राही. एकतर्फी हुकूमनामा होई, आणि त्यामागून जप्ती दारात उभी राही. आपण नक्की कोणत्या शब्दापाशी फसलो, हे त्याला कधीच सांगता येत नसे, कारण तो शब्द त्याने उच्चारलेलाच नसे.

सुप्याच्या दंग्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, निबंधकाची साक्ष त्यावर असावी, आणि रोख्यात काहीही लिहिलेले असले तरी न्यायाधीशाने त्याच्या पाठीमागे जाऊन मूळ देवघेवीचा हिशेब तपासावा, अशा या कायद्याच्या तरतुदी होत्या. त्या योग्यच होत्या, विशेषतः शेवटची; कारण कागदाच्या शब्दांपेक्षा घडलेला व्यवहार मोठा, हे तत्त्व तीत प्रथमच मान्य झाले. परंतु सावकारही स्वस्थ बसला नाही. गहाणखतावर न्यायालयाची नजर आहे असे पाहून त्याने खरेदीखत लिहून घेण्यास आरंभ केला: पैसे फिटताच जमीन परत करीन, हे वचन तोंडी, घरगुती मराठीत, देवाधर्माची शपथ घेऊन दिले जाई, आणि कागदावर मात्र तीच जमीन कायमची विकल्याचे लिहून, त्याखाली पूर्वीप्रमाणेच नांगर काढून घेतला जाई.