मानधनाने निष्ठा बाटत नाही

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात एक मत हल्ली सिद्धान्ताच्या थाटात वावरतं. विद्यार्थ्याला मानधन देऊन कामाला लावलं की मानधन थांबताच तो पाठ फिरवतो. जो मुळात फुकट आला तोच टिकतो. तेव्हा कायमचे स्वयंसेवक हवे असतील तर पैशाच्या वाटेला जाऊच नये. गुगलने २००५ मध्ये ‘समर ऑफ कोड’ ही उन्हाळ्यापुरतं मानधन देऊन मुक्त सॉफ्टवेअरवर काम करवून घेणारी योजना सुरू केली. तेव्हापासून वीस हजारांहून अधिक नवोदित त्यातून गेले आणि त्यांतले पुष्कळसे उन्हाळा संपताच दिसेनासे झाले, हा या मताचा मुख्य दाखला. उरणकडच्या चिरनेरसारख्या गावात हेच मत निराळ्या शब्दांत ऐकू येतं. २५ सप्टेंबर १९३०ला जंगल सत्याग्रहात अक्कादेवीच्या जंगलात ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांनी कुठे कुणाकडे पैसे मागितले होते, असं वडीलधारी माणसं आजच्या पोरांना विचारतात. गृहीत दोन्हीकडे एकच: पैसा शिवला की निष्ठा बाटते. मला हे मत चुकीचं वाटतं. शिवाय ज्यांच्या घरी खाणारी तोंडं जास्त आणि मिळवते हात कमी, अशा मुलांवर ते अन्याय करतं.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही, कारण त्याच्यामागे मोठ्या अभ्यासकांची नावं आहेत. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये ब्रिटनमधलं ऐच्छिक रक्तदान आणि अमेरिकेतली रक्ताची खरेदी यांची तुलना केली आणि विक्री सुरू झाली की दानाची वृत्ती मरते, असं मांडलं. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये महाविद्यालयीन मुलांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. ज्यांना सोडवलेल्या कोड्यामागे पैसे मिळाले त्यांची मोकळ्या वेळात ते हातात घ्यायची ओढ पुढे कमी झाली. तिसरा प्रयोग लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा, १९७३चा. बालवाडीतल्या मुलांना चित्र काढल्याबद्दल सोनेरी मोहोर आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल असं आधी सांगितलं, आणि नंतर ती मुलं रंगांकडे पूर्वीइतकी वळेनाशी झाली. खुद्द ‘समर ऑफ कोड’चाही अभ्यास झाला आहे. बहुतेक विद्यार्थी अनुभवासाठी आणि बायोडेटासाठी येतात, कायमचं राहायला येणारे थोडेच, असं त्यात आढळलं. एवढ्या साक्षी पाहिल्या की प्रकरण निकाली निघालं असं कुणालाही वाटेल.

पण साक्षीदाराची उलटतपासणी करू. लेपर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगासाठी निवडलेली मुलं आधीपासूनच चित्रात रमणारी होती. ज्यांना गोडी नव्हती ती प्रयोगात घेतलीच नव्हती. त्याच प्रयोगात आणखी एक गट होता. त्याला बक्षीस मिळालं, पण ते मिळणार आहे हे आधी माहीत नव्हतं. त्या मुलांची गोडी घटली नाही. डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९९९ मध्ये असे शंभराहून अधिक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही हा परिणाम मुळात रंजक असलेल्या कामांपुरताच ठळक दिसला. म्हणजे सिद्ध झालं ते इतकंच: जो एखादं काम आवडीने करतोच आहे, त्याला त्याच कामाचं आमिष दाखवलं तर आवड पातळ होऊ शकते. ज्याने ते काम कधी पाहिलेलंच नाही त्याच्याबद्दल हे प्रयोग मुके आहेत. त्यांचा निष्कर्ष त्यालाही लावणं ही आपल्या नैयायिकांच्या भाषेत अतिव्याप्ती झाली. गिटहब म्हणजे काय हे तिसऱ्या वर्षात पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाची कोणती आधीची गोडी मानधनाने मरणार?

तो मुलगा जरा जवळून पाहू. घर चिरनेर, कळंबुसरे किंवा मोठी जुईला, कॉलेज पनवेलला. सकाळची एसटी चुकली की पहिलं लेक्चर गेलं. वडील उरणकडच्या एखाद्या कंटेनर गोदामात कंत्राटी कामाला. सुट्टीत हाच मुलगा त्याच गोदामात नोंदी लिहायला बसला तर घरात चार पैसे येतात. त्याला ‘दोन महिने फुकट काम कर, आवडलं तर पुढे बघू’ असं म्हणणं म्हणजे येऊ नकोस असंच सांगणं. फुकट येणारा अधिक निष्ठावान असतो, असं आपण मानतो. बऱ्याचदा त्याचा लॅपटॉप, वीज, नेट आणि जेवण यांचं बिल घरातलं दुसरं कुणीतरी भरत असतं, एवढाच फरक असतो. स्टायपेंड हे त्या बिलाचं उघड आणि न्याय्य रूप आहे.

पैसा आणि व्रत एकत्र नांदत नाहीत असं महाराष्ट्राने तरी म्हणू नये. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघालं. तिथल्या आजीव सदस्यांची प्रतिज्ञा वीस वर्षांच्या सेवेची होती आणि पगार होता दरमहा ७५ रुपये. पगार कमी होता, पण होता, आणि ठरलेला होता. गोखले तिथूनच १९०२ मध्ये निवृत्त झाले. टिळक १८९०च्या अखेरीस बाहेर पडले हे खरं, आणि त्या भांडणात बाहेरच्या मिळकतीचा प्रश्न होता हेही खरं. पण वाद झाला तो सदस्यांनी बाहेर कमवावं की नाही यावर. पगार घेऊ नये असं टिळकांचंही म्हणणं नव्हतं. याहून बोलका दाखला धोंडो केशव कर्व्यांचा. १८९१ ते १९१४ ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो या नोकरीत असतानाच. आश्रम हिंगण्याला गेल्यावर ते तिथून कॉलेजपर्यंत रोज पायी येत आणि पायी परत जात. फर्ग्युसनचा पगार नसता तर हिंगण्याची पायपीट कशाच्या आधारावर झाली असती? विनामोबदला काम बहुधा कुठल्या तरी मोबदल्याच्या आधारानेच उभं राहतं.

मुक्त सॉफ्टवेअरलाही हे लागू आहे. लिनक्स कर्नलमधले बहुतांश बदल आज कंपन्यांचे पगारदार अभियंते करतात, तरीही कर्नल कुणाला परका वाटत नाही. उलट ‘निखळ स्वयंसेवक’ या आदर्शाची किंमत २०२४ मध्ये दिसली. एक्सझेड नावाची फायली दाबून लहान करणारी प्रणाली जगभरच्या सर्व्हरवर बसलेली, आणि ती सांभाळणारा मुख्य माणूस एक, तोही फुकट. हे छंदाचं, बिनपगारी काम आहे आणि प्रकृती साथ देत नाही, असं त्याने आधीच जाहीरपणे लिहिलं होतं. त्या थकव्याचा फायदा घेत एका खोट्या नावाच्या व्यक्तीने वर्षानुवर्षं मदतनीस म्हणून विश्वास कमावला आणि शेवटी आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने माग काढला, म्हणून अनर्थ टळला. तो अभियंता मायक्रोसॉफ्टचा पगारदार होता.

मग विद्यार्थी जातात का? जातात हे मी नाकारत नाही. मानधनामुळे जातात हे नाकारतो. कॅलेंडर बघा. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा मे महिन्यापर्यंत रेंगाळतात, जुलैत नवं सत्र उभं राहतं, आणि ‘समर ऑफ कोड’ची नेहमीची मुदत ऑगस्टच्या शेवटाकडे संपते. नेमके त्याच सुमारास शेवटच्या वर्षाचे कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू होतात. नोकरी लागली की करारात कलम असतं: नोकरीत असताना लिहिलेला कोड कंपनीचा, बाहेरच्या प्रकल्पाला परवानगी लागेल. बाविसाव्या वर्षी कायदा विभागाला पत्र लिहून परवानगी मागण्याची हिंमत किती जण करतील? स्टायपेंड मिळाला नसता तरी हे सगळं असंच घडलं असतं.

दुसरं कारण कामाच्या आखणीत आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मेंटॉर इंटर्नला बहुधा मूळ घरापासून लांब, कुंपण घातलेला तुकडा देतो: नवं फीचर, वेगळी शाखा, चुकलं तरी कुणाचं अडणार नाही असं. मुलगा ते इमानेइतबारे पुरं करतो. मग तो मूळ कोडात घ्या अशी विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पडून राहते, रिव्ह्यू करायला कुणाला सवड नसते, मूळ कोड पुढे सरकतो आणि त्याचा तुकडा आता जुळत नाही. तो विचारतो, उत्तर येत नाही. पुन्हा विचारायला संकोच वाटतो. आपण म्हणतो, पैसे संपले म्हणून गेला. ‘समर ऑफ कोड’वर झालेल्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट आढळली होती, ती मात्र कुणी सांगत नाही: आधीपासून त्या प्रकल्पाशी नातं असलेले विद्यार्थी जास्त काळ टिकले. मानधन दोघांनाही मिळालं होतं; फरक नात्याचा होता.

इथे एक भेद केला पाहिजे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थी प्रमाण पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये किंवा पायथनमध्ये बसवून देतात आणि त्याचं मानधन घेतात. पुस्तक पुरं झालं, काम तपासलं गेलं, सर्वांसाठी खुलं झालं. तो विद्यार्थी पुढे फिरकला नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. काम वाजवी होतं, मोल वाजवी होतं, उपयोग होतोच आहे. पण त्याच छत्राखाली पोलादी बांधकामाच्या आखणीचं ‘ऑस्डॅग’ आहे, विद्युत मंडलांसाठी ‘ईसिम’ आहे. ही जिती सॉफ्टवेअरं. भारतीय मानक बदललं की ‘ऑस्डॅग’लाही बदलावं लागतं. अशा ठिकाणी राखणदार हवा, आणि राखणदाराला मजुरीबरोबर हक्क द्यावा लागतो.

चिरनेरच्या वडीलधाऱ्यांना मला इथेच उत्तर द्यायचं आहे. १९३०ला जी माणसं कोयते घेऊन जंगलात शिरली ती दुसऱ्याच्या कामाला फुकट राबायला गेली नव्हती. जंगल त्यांचं होतं. चूल, गोठा, छप्पर, सगळं त्याच्यावर चालत होतं, आणि सरकारी कायद्याने तो हक्क काढून घेतला होता. त्या गोळीबारात पडलेल्यांमध्ये नाग्या कातकरी होते. जंगल गेलं तर कातकऱ्याच्या घरात काय उरतं हे कुणी त्यांना शिकवायला नको होतं. आपलं असलेलं राखायला माणूस मोबदला विचारत नाही. तेव्हा चिरनेरचा इतिहास मानधनाच्या विरुद्ध साक्ष देत नाही. परक्याच्या शेतात तीन महिने मजुरीवर आणलेल्या माणसाने मालकासारखी निष्ठा ठेवावी, या अपेक्षेच्या विरुद्ध तो साक्ष देतो.

हक्क म्हणजे काय, ते एका बारीक कामावरून सांगतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर. युनिकोडच्या कोष्टकात त्याला जागा मिळाली ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या आधी. त्यामुळे कोडांच्या नुसत्या क्रमाने यादी लावणाऱ्या प्रणालीत काळे हे आडनाव कावळे आणि कासार यांच्या आधी येतं. मराठी शाळेच्या हजेरीपटात ते दोघांच्या नंतर यायला हवं. दुरुस्ती चार ओळींची. पण प्रत्येक नव्या आवृत्तीत ती शाबूत आहे ना, हे कुणीतरी बघावं लागतं, वर्षानुवर्षं. हे काम मोठ्या अभियंत्याला दिसतच नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ते डोळ्यांत खुपतं. एका उन्हाळ्यात मानधन घेऊन त्याने ते केलं आणि शेवटच्या दिवशी मेंटॉरने सांगितलं, ‘मराठीचा हा भाग यापुढे तुझा, यात बदल आला तर तुला विचारल्याशिवाय मर्ज होणार नाही,’ तर महिन्याला दोन तास तो कुठल्याही नोकरीतून काढेल. करारातल्या कलमासाठी प्रकल्पाने त्याला परवानगीच्या अर्जाचा नमुनाही तयार करून द्यावा, धीर येतो.

शेवटचा आक्षेप रास्त आहे. तीन महिन्यांच्या ओळखीवर हक्क कसे द्यायचे, एक्सझेडमध्ये काय झालं ते विसरलात का? विसरलो नाही. तिथे एकट्या, थकलेल्या माणसाने नाव-गाव नसलेल्या व्यक्तीच्या हाती सगळं घर दिलं. इथे मुलाचं कॉलेज माहीत, मेंटॉर माहीत, तीन महिन्यांचं काम ओळन् ओळ तपासलेलं. त्याला द्यायची ती एका फोल्डरची किल्ली, आणि त्या फोल्डरवरही दुसऱ्याची सही लागेल असा नियम ठेवता येतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच भागावर नवा इंटर्न आला की मेंटॉर म्हणून या जुन्याला नेमावं, आणि त्या मेंटॉरकीचंही मानधन द्यावं.