दहा रेणूंचा शोध : प्रथिने डीएनए कशी वाचतात?

१/ ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या असतात. त्यांतला जेमतेम वीस-एकवीस जोड्यांचा एक तुकडा हेरून त्यावर ठाण मांडणारे एक प्रथिन त्याच पेशीत वावरते. त्याचे रेणू असतात अवघे दहाच्या आसपास. ते आपली जागा ओळखते कसे? या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ १९६१, पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी मांडले की, दुग्धशर्करा नसताना ती पचवणारी जनुके एक ‘रिप्रेसर’ बंद ठेवतो. हे उत्परिवर्तित जिवाणूंवरून काढलेले अनुमान होते. रिप्रेसर आरएनए असावा, अशीच त्यांची प्रारंभी अटकळ होती. १९६५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. रिप्रेसर मात्र अद्याप कोणाच्याही हाती लागला नव्हता!

३/ हार्वर्डमध्ये त्यासाठी चुरस लागली. वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी जिवाणूंचा अर्क सच्छिद्र पटलाच्या पिशवीत भरला आणि ती शर्करेसारख्या किरणोत्सारी द्रव्यात बुडवली. बाहेरच्यापेक्षा आत किरणोत्सार अधिक भरला, तर आत त्या द्रव्याला धरून ठेवणारे काहीतरी आहे, हे उघड. १९६६ च्या अखेरीस तसेच दिसले. रिप्रेसर प्रथिन निघाले.

४/ पण ते डीएनएलाच चिकटते कशावरून? १९६७ मध्ये मार्क टाश्नी यांनी लॅम्डा विषाणूचा किरणोत्सारी रिप्रेसर लॅम्डाच्या डीएनएबरोबर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. तो डीएनएबरोबरच खाली गेला. ओळखीचा भाग तेवढा वेगळा असलेल्या भावंड-विषाणूच्या डीएनएला मात्र त्याने धरले नाही. ओळख नेमकी होती.

५/ आता कोडे उरले वाचनाचे. अक्षरे तर दुहेरी सर्पिलाच्या आत दडलेली. १९७६ मध्ये सीमन, रोझेनबर्ग आणि रिच यांनी दाखवले की, जोड्यांच्या कडा सर्पिलाच्या खाचांत उघड्या असतात. रुंद खाचेत प्रत्येक जोडीची हायड्रोजन-बंधांची ठेवण निराळी दिसते. अरुंद खाचेत तो भेद पुसट होतो. म्हणजे सर्पिल न उलगडताही तो बाहेरून वाचता येतो.

६/ १९८१ मध्ये क्ष-किरणांनी पुरावा दिला. ऑरेगनमध्ये ब्रायन मॅथ्यूज यांच्या गटाने ‘क्रो’ची, तर येलमध्ये मके आणि स्टाइट्झ यांनी ‘कॅप’ची रचना उलगडली, पुढच्या वर्षी पाबो आणि लुईस यांनी लॅम्डा-रिप्रेसरची. तिन्हींत एकच घडण आढळली : वळणाने जोडलेली दोन लहान सर्पिले, त्यांतले एक रुंद खाचेत चपखल बसणारे. ‘क्रो’च्या जुळ्या रेणूंत अशा दोन सर्पिलांमधले अंतर ३४ अँगस्ट्रॉम, म्हणजे डीएनएच्या एका वेढ्याएवढे.

७/ मग प्रत्येक अमिनो आम्लाला एक अक्षर, असा सरळ संकेत सापडेल, ही आशा बळावली. ती मावळल्याचे १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले ते खुद्द मॅथ्यूज यांनी. डीएनएची लवचीकता, मधले पाण्याचे रेणू, कण्यावरील फॉस्फेट, सारेच या ओळखीत सहभागी असतात. एकच कोश पुरणारा नव्हता.

८/ आपल्या डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशींत डीएनए तोच असतो. त्यातले कुठे काय वाचायचे आणि काय मिटून ठेवायचे, हे ठरवण्यात अशाच प्रथिनांचा मोठा वाटा असतो. त्यांतले पहिले हाती आले, ते पिशवीत उरलेल्या थोड्याशा जादा किरणोत्सारामुळे.