मणिबेली, वॉशिंग्टन आणि आजोबांचा बाँड

आजोबा गेल्यावर त्यांचं लोखंडी कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं. जुनी वीजबिलं, एलआयसीच्या पावत्या, आणि एका पिवळ्या फाइलीत सरदार सरोवर नर्मदा निगमच्या बाँडची झेरॉक्स. १९९३ च्या अखेरीस निघालेला डीप डिस्काउंट बाँड: आज ३,६०० रुपये भरा, वीस वर्षांनी १,११,००० रुपये घ्या. झेरॉक्सच्या कोपऱ्यात आजोबांनी पेन्सिलीनं हिशेब करून ठेवला होता. प्रत्यक्षात वीस वर्षं थांबावं लागलं नाही. गुजरात सरकारने २००८ मध्ये कायदा करून हे बाँड मुदतीआधी सोडवून घेतले आणि २००९ च्या जानेवारीत एका बाँडमागे ५०,००० रुपये दिले. आजोबांनी ते एफडीत टाकले. २०१४ मध्ये माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीला तीच एफडी मोडली.

एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण गुजरात सरकारच्या एका कंपनीला धरण बांधायला नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकाचे ३,६०० रुपये का लागावेत, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मला तो फाइल हातात धरल्यावर पडला. उत्तर असं निघालं की आजोबांच्या आधी या धरणाला एक दुसरा सावकार होता आणि तो १९९३ च्या मार्चमध्ये उठून गेला होता. त्या सावकाराचं नाव जागतिक बँक.

'जागतिक बँकेने पैसे दिले' हे वाक्य आपण इतक्या सहज म्हणतो, की बँकेकडे ते कुठून येतात हे विचारायचं राहून जातं. तिचे खिसे दोन. पहिल्या खिशातला पैसा दान नव्हे. सभासद देश भांडवलाचा छोटा हिस्सा रोख भरतात, उरलेला 'लागला तर देऊ' असा कबूल करतात. त्या कबुलीच्या जोरावर बँक जगाच्या रोखेबाजारात स्वतःचे बाँड विकते, स्वस्तात पैसा उचलते आणि थोडा जास्त दर लावून पुढे कर्जाऊ देते. १९४७ मध्ये अशी सुरुवात झाली तेव्हा पहिला कर्जदार फ्रान्स होता. गरीब देशांना हे व्याज झेपत नाही हे लक्षात आल्यावर १९६० मध्ये दुसरा खिसा शिवला गेला: आयडीए. इथलं कर्ज जवळजवळ बिनव्याजी. १९८५ च्या सुमारास त्याच्या अटी होत्या पाऊण टक्का सेवाशुल्क, पहिली दहा वर्षं मुद्दल नाही, एकूण मुदत पन्नास वर्षं. अनेक वर्षं आयडीएचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक भारत होता. पण हा खिसा तेव्हा बाजारातून भरत नव्हता. दर तीन वर्षांनी श्रीमंत देशांना वर्गणी काढावी लागते, आणि अमेरिकेच्या वाट्याची वर्गणी तिथल्या काँग्रेसने मंजूर करावी लागते. पुढची सगळी गोष्ट या एका तरतुदीवर फिरते.

मार्च १९८५ मध्ये बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातले २० कोटी पहिल्या खिशातले, २५ कोटी आयडीएचे. तेव्हाच्या सुमारे बारा रुपये दराने साडेपाचशे कोटी रुपये. १९८८ मध्ये नियोजन आयोगाने प्रकल्पाला मान्यता दिली तेव्हा खर्चाचा आकडा ६,४०६ कोटी होता. म्हणजे बँकेचा वाटा ढोबळमानानं दहाव्या हिश्श्याहूनही कमी. मग एवढा दबदबा कशाचा? शिक्क्याचा. बँकेने प्रकल्प तपासला म्हटलं की इतरांना तपासायची गरज वाटत नाही. टर्बाइनसाठी जपान सरकारने पैसे दिले ते याच ओळीत.

पैसा थेट गुजरातला जात नव्हता, हेही सांगायला हवं. कर्जदार दिल्ली. राज्याने आधी स्वतः खर्च करायचा, हिशेब पाठवायचा, मग बँक तेवढी भरपाई दिल्लीला करणार. दिल्ली ती रक्कम राज्याला केंद्रीय मदतीच्या ठरलेल्या साच्यात देणार: सत्तर टक्के कर्ज, तीस टक्के अनुदान, आणि कर्जावर व्याज केंद्राच्या दराने. पाऊण टक्क्याचं सुख दिल्लीतच थांबत होतं. डॉलर वधारला तर फटकाही दिल्लीलाच.

आता तारखा पाहा. कर्जाचा करार मे १९८५. पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी जून १९८७, तीही सशर्त, कारण अभ्यास पुरे व्हायचे होते. नियोजन आयोगाची मान्यता १९८८. पैशाचा करार आधी, प्रकल्प कागदावर पूर्ण होणं नंतर. आमच्या धंद्यात याला 'आधी रिलीज करू, बाकीचं पुढच्या स्प्रिंटला' म्हणतात, आणि बाकीचं पुढच्या स्प्रिंटला कधी होत नाही हे नव्या पोरालाही ठाऊक असतं. बँकेतही ते ठाऊक होतं. १९९२ मध्ये तिच्याच विली वापेनहान्स यांच्या अंतर्गत अहवालात निघालं, की आदल्या वर्षी मूल्यमापन झालेल्या प्रकल्पांपैकी ३७.५ टक्के असमाधानकारक होते. कारणही तिथेच होतं: अधिकाऱ्याची बढती किती कर्ज मंजूर करून घेतलं यावर, ते पुढे कसं चाललं यावर नव्हे.

राहून गेलेल्या 'बाकीच्या'मध्ये माणसं होती. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन देऊ केली होती, किमान दोन हेक्टर. त्या काळी ही मोठीच गोष्ट. पण ती जमीनधारकाला. बुडणाऱ्या २४५ गावांपैकी ३३ महाराष्ट्रातली, तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. अक्कलकुवा-अक्राणीच्या त्या डोंगरांतले भिल्ल-पावरा पिढ्यान्‌पिढ्या कसत होते ती जमीन सरकारदप्तरी वनखात्याची. सातबारा नाही, म्हणजे शेतकरी नाही. कागदाच्या भाषेत ते 'अतिक्रमणदार'. कालव्यांत जमीन जाणारे तर धरणग्रस्तांच्या व्याख्येतच नव्हते, आणि मुख्य कालवा साडेचारशे किलोमीटरहून लांब होता.

गंमत अशी, की बँकेचे नियम या लवादाच्या पुढे होते. विस्थापितांबद्दल तिचं लेखी धोरण १९८० पासून, आदिवासींबद्दल १९८२ पासून. करारातही पुनर्वसनाची कलमं आली. गुजरातेत आर्च-वाहिनी या संस्थेने त्याच कलमांवर बोट ठेवून सरकारशी भांडण केलं, आणि १९८७ च्या अखेरीस गुजरातने भूमिहीन, अतिक्रमणदार, सज्ञान मुलगे, सगळ्यांना दोन हेक्टर कबूल केले. आर्च-वाहिनी मग धरणाच्या बाजूने गेली. हे आंदोलनाच्या गोष्टींत सहसा गाळलं जातं, गाळू नये. महाराष्ट्राने मात्र हात आखडता घेतला. मुळात द्यायला जमीनच कुठे होती? अखेर १९९० मध्ये तळोद्याच्या जंगलातली २,७०० हेक्टर जमीन केंद्राने मोकळी केली. म्हणजे एका जंगलातल्या लोकांसाठी दुसरं जंगल तोडायचं, आणि त्यातही आधीपासून कुणीतरी कसत होतंच.

मणिबेली हे महाराष्ट्रातलं सर्वांत आधी बुडणारं गाव. १९८५ मध्ये मेधा पाटकर या खोऱ्यात आल्या, पुढे नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली आणि तिच्यातून व इतर राज्यांतल्या संघटनांतून नर्मदा बचाओ आंदोलन. मोर्चे, उपोषणं आपण वाचलेली आहेत. मला इंजिनिअर म्हणून जे चित्तवेधक वाटतं ते वेगळं आहे: या लोकांनी पैशाची पाइपलाइन उलटी चढून पाहिली. गुजरात ऐकत नाही, दिल्ली ऐकत नाही, बँक म्हणते आमचा करार सरकारशी आहे. पण बँकेच्या दुसऱ्या खिशाचा कॉक अमेरिकन काँग्रेसच्या हातात आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये मेधा पाटकरांनी वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे साक्ष दिली. ज्या खासदारांनी अक्राणीचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना पुढच्या आयडीए वर्गणीवर मत द्यायचं होतं. पुढच्या वर्षी जपानने टर्बाइनचा पुढचा पैसा थांबवला.

१९९०-९१ च्या थंडीत गुजरात-मध्य प्रदेश सीमेवरच्या फेरकुव्याला लांबलेल्या उपोषणानंतर बँकेने कधी न केलेली गोष्ट केली: स्वतःच्या चालू प्रकल्पाची बाहेरच्यांकडून तपासणी. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मॉर्स, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख, आणि सोबत कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर. जून १९९२ मध्ये अहवाल आला. निष्कर्ष असा, की पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींचा नीट अभ्यास न करता कर्ज दिलं गेलं, आणि आहे त्या परिस्थितीत बँकेने मागे सरावं. बँक लगेच सरली नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये संचालक मंडळात अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा वगैरेंनी कर्ज थांबवायच्या बाजूने कौल दिला, तरी बहुमताने भारताला सहा महिने आणि काही अटी मिळाल्या. मुदत संपायच्या तोंडावर, मार्च १९९३ च्या शेवटी, भारत सरकारनेच कळवलं: उरलेले १७ कोटी डॉलर आम्हांला नकोत.

दिल्लीच्या या उत्तरात स्वाभिमान होता तसा हिशेबही. अटी पाळणं अवघड होतं, आणि बँकेने कर्ज तोडलं असतं तर इतर कर्जांवरही सावट आलं असतं. बाहेर पडण्याचा मान स्वतःकडे ठेवलेला बरा.

बँकेवर परिणाम खोल झाला. अमेरिकेच्या वर्गणीची दोरी हातात असलेले काँग्रेस सदस्य बार्नी फ्रँक यांनी अट घातली: तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा उभारा, मग पैसे. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं. आता जगातल्या कुठल्याही प्रकल्पग्रस्ताला, स्वतःच्या सरकारला वळसा घालून, थेट बँकेकडे तक्रार करता येणार होती. पहिली तक्रार नेपाळमधल्या अरुण-३ या वीजप्रकल्पाची; १९९५ मध्ये बँकेने त्यातून अंग काढून घेतलं. नर्मदेच्या काठच्या माणसांनी मिळवलेलं दार दुसऱ्यांसाठी उघडलं. त्यांना स्वतःला त्याचा उपयोग नव्हता, कारण त्यांच्या धरणात आता बँकच नव्हती.

१९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीतली घरं पाण्यात गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस बाँड आले.

३,६०० चे वीस वर्षांत १,११,००० म्हणजे दरसाल सुमारे पावणेएकोणीस टक्के. पाऊण टक्क्याशेजारी हा आकडा ठेवायचा मोह होतो. तुलना सरळ नाही, एक डॉलरमधलं आणि एक रुपयातलं, आणि पाऊण टक्का गुजरातपर्यंत पोचतच नव्हता हे वर आलंच. तरी महाग ते महागच. इतकं, की पंधरा वर्षांनी कायदा करून ते सोडवून घेणं राज्याला परवडलं.

व्याजापेक्षा मोठा फरक मला दुसराच दिसतो. जागतिक बँकेचा पैसा होता तोवर मणिबेलीच्या प्रश्नाला पत्ता होता. बँकेचं लेखी धोरण होतं, ते मोडलं हे दाखवता येत होतं, आणि ऐकलं नाही तर तिच्या वर्गणीदारांकडे जाता येत होतं. वर्गणीदारांना नर्मदेचा पुळका होता असं नव्हे. दूरच्या देशातल्या धरणाला नाही म्हणणं त्यांना फुकट होतं. म्हणून बँकेचं जाणं हा निखळ विजय होता असं मी म्हणणार नाही. बँकेच्या जागी हजारो बाँडधारक आले. त्यांचं पुनर्वसनाचं धोरण नव्हतं, तपासणी समिती नव्हती, आणि त्यांच्यापुढे साक्ष द्यायला कुठे जायचं हेही नव्हतं. आंदोलन १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ मध्ये उंची वाढवायला स्थगिती मिळाली, ऑक्टोबर २००० मध्ये बहुमताच्या निकालाने बांधकाम पुन्हा सुरू झालं. २०१७ मध्ये पूर्ण उंचीचं, १३८.६८ मीटरचं धरण राष्ट्राला अर्पण झालं. तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॅम्पस प्लेसमेंटच्या धावपळीत ती बातमी मी पाहिलीही नाही.

मी बाबांना विचारलं, आजोबांनी बाँड घेताना धरणाबद्दल काही चौकशी केली होती का. आजोबा साने गुरुजींची पुस्तकं वाचणारे, रोज दोन वर्तमानपत्रं घेणारे. मेधाताईंचं उपोषण त्यांनी वाचलं नसेल हे शक्य नाही. बाबांनी आठवून पाहिलं. एजंट घरी आला होता, म्हणाले, आणि आजोबांनी चहा देऊन एकच गोष्ट दोनदा विचारली होती.

"हमी सरकारची आहे ना?"