तळटीप: आर्माँ फालिएर (१८४१–१९३१)

लेखक येथे नुसते ‘फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष’ म्हणतात, ते हे गृहस्थ. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या मेझँ गावी जन्म. लोहाराचे नातू, पेशाने वकील. नेराकचे नगराध्यक्ष, १८७६ पासून खासदार, १८८३ मध्ये जेमतेम तीन आठवडे पंतप्रधान, १८९९ पासून सिनेटचे अध्यक्ष आणि १९०६ ते १९१३ राष्ट्राध्यक्ष. फाशीच्या शिक्षेचे ते कट्टर विरोधक होते. १९०७ मध्ये एका लहान मुलीच्या खुन्याचीही मृत्युदंडाची शिक्षा त्यांनी जन्मठेपेवर आणली, तेव्हा पॅरिस खवळून उठले. तरी ते बधले नाहीत. पदावर असताना असा लोकक्षोभ अंगावर घेणे सोपे नव्हते, आणि त्यांचा मोठेपणा आम्हांला यातच दिसतो. अखेर १९०८ च्या डिसेंबरात संसदेने फाशीची शिक्षा कायद्यात कायम ठेवली.

८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेय बंदरात उडी घेतली, ती यांच्याच कारकिर्दीत. मात्र तिसऱ्या प्रजासत्ताकात राष्ट्राध्यक्षांचे अधिकार बेताचेच असत. कारभार मंत्रिमंडळ पाही. त्यामुळे सावरकरांना परत मागण्याचा व हेगच्या लवादाचा विषय पंतप्रधान ब्रियाँ यांच्या सरकारने हाताळला. निकाल २४ फेब्रुवारी १९११ रोजी ब्रिटनच्या बाजूने लागला. मुदत संपल्यावर फालिएर पुन्हा उभे राहिले नाहीत; ते आपल्या द्राक्षमळ्यात परतले.

— संपादक